अर्ध्या खाडीत बंद पडणारं जुनं आउटबोर्ड: आधी काय तपासायचं, भाग कुठे शोधायचे

ही माहिती ८ ते १५ एचपीच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डांसाठी, म्हणजे होडीच्या मागे बाहेर अडकवायच्या इंजिनांसाठी आहे. कोकणात आणि गोव्यात खाडीतल्या लहान होड्यांवर असतात ती: यामाहा एंड्युरो, केरोसीनवर चालणारी मॉडेलं, सुझुकी, आणि क्वचित कुणाच्या पडवीत उभं राहिलेलं जॉन्सन किंवा एविनरूड. यांचा सगळ्यांत जास्त वेळा येणारा आजार एकच. जेटीवरून निघताना इंजिन खणखणीत चालतं, दहा-पंधरा मिनिटांनी त्याचा दम जातो आणि खाडीच्या मध्यावर ते बंद पडतं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत झाकून ठेवलेलं इंजिन ऑगस्टमध्ये बाहेर निघालं की हीच तक्रार सुरू होते. माझ्याकडे येणारा माणूस बहुतेकदा कार्बोरेटर खोलूनच आलेला असतो. माझं आग्रहाचं सांगणं हे की कार्बोरेटरला पाना लावायच्या आधी टाकीपासून इंजिनापर्यंतचा रस्ता तपासा आणि पाणी नीट फिरतंय का ते बघा. ही दोन कामं जवळपास फुकट होतात, आणि दोष फार वेळा तिथेच असतो.

बंद पडतं म्हणजे नेमकं कसं?

"बंद पडतं" एवढं पुरेसं नाही. कसं बंद पडतं, त्यावर पुढचा सगळा शोध ठरतो.

- दम हळूहळू कमी झाला आणि नळीवरचा रबरी हातपंप दाबल्यावर पुन्हा जोर आला: इंधन पोचत नाही.
- स्विच बंद केल्यासारखं झटक्यात थांबलं, हातपंप दाबून फरक नाही, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर मुकाट सुरू झालं: गरम झाल्यावर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दगा देतंय.
- बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा थांबली, वाफ दिसली, रंग जळल्याचा वास आला: पाणी फिरत नाही. असं दिसलं की त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि वल्ही काढा. आणखी पाच मिनिटं रेटलं तर पिस्टन धरतो, मग खर्च दहापट होतो.
- अर्ध्या रेसवर ठीक, पूर्ण रेस दिली की बसतं: इंधनाची वाट अरुंद झाली आहे, किंवा एक सिलेंडर कमजोर आहे.
- आवाज वाढतो पण होडी पुढे सरकत नाही: इंजिन चांगलं आहे, पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बघा.
- संथ चालताना थरथरतं, मोठ्या रेसवर जरा सुधारतं: बहुधा एकच सिलेंडर काम करतोय.

पाना न लावता करायच्या तपासण्या

आधी लाल दोरीची क्लिप, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी. ती नीट बसलेली नसेल, किंवा तिच्याखालच्या स्विचमध्ये मीठ गेलं असेल, तर इंजिन मधूनमधून तुटक चालतं आणि माणूस सगळं खोलून बसतो.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर इंजिन इंधन ओढतं, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. टाकीत निर्वात तयार होतो आणि दहा-बारा मिनिटांत पुरवठा थांबतो. स्क्रू उघडा दिसला तरी त्याचं भोक मिठाने बुजलेलं असू शकतं. इंजिन बसलं की टाकीचं झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला आणि इंजिन पुन्हा चालू लागलं, तर पुढे वाचायची गरज नाही.

तिसरं इंधन. काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीच्या तळाचं इंधन घ्या आणि अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी खाली बसलेलं दिसेल. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा खेचतं. ओलावा ठरावीक मर्यादेपुढे गेला की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. त्या थरात ऑइल जवळपास नसतं, म्हणून असं इंधन टू-स्ट्रोक इंजिनाला नुसतं बंद पाडत नाही, आतून खरवडतं. दोन महिन्यांहून जुनं इंधन वापरू नका, हा माझा नियम आहे.

इंधनात ऑइल किती घालायचं ते मॉडेलवर ठरतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. जुन्या जॉन्सन-एविनरूडमध्ये २४:१ मागणारी मॉडेलं आहेत, त्यांना ५०:१ देऊ नका. आणि ऑइल डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख पिस्टनवर आणि प्लगवर साचते.

केरोसीनवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. हे इंजिन पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर केरोसीनवर न्यायचं असतं, हे सगळे पाळतात. परत येताना जेटीच्या थोडं आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं असतं, ते मात्र घाईत राहून जातं. मग कार्बोरेटरच्या वाटीत केरोसीन उरतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिन ते पेटवू शकत नाही. "रोज सकाळी त्रास देतं, एकदा चालू झालं की काही नाही" या तक्रारीत ही सवय आधी विचारा.

नळी, हातपंप आणि कपलिंग

इथे थांबून वेळ द्या.

हातपंपावर बाण असतो. बाण वर, इंजिनाच्या दिशेने धरून दाबा. काही दाबांत तो घट्ट व्हायला हवा. घट्ट होतच नसेल तर आतली झडप गेली आहे, कुठून तरी हवा शिरते आहे, किंवा कार्बोरेटरची नीडल (इंधन अडवणारी सुई) बसत नसल्यामुळे इंधन वाहून जातंय. तिसऱ्या कारणात कार्बोरेटरखाली ओल दिसते. इंजिन चालू असताना हातपंप आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा हातपंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, किंवा त्या बाजूची नळी.

हवा शिरतेय का हे कळायला सोपा उपाय आहे. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत फूटभर पारदर्शक पेट्रोल पाइप क्लिप लावून जोडा आणि इंजिन चालवा. बुडबुडे सलग दिसले तर गळती त्या पाइपाच्या मागे आहे. सगळ्यांत संशयित जागा म्हणजे नळीच्या टोकाच्या कपलिंगमधली छोटी ओ-रिंग. ती कडक झाली की इंधन बाहेर गळत नाही, पण हवा आत जाते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं आणि ठाकठीक दिसतं. काही रुपयांच्या या रिंगसाठी लोक कार्बोरेटर बदलून बसतात.

नळी बाहेरून चांगली दिसली तरी फसू नका. इथेनॉलमुळे जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटतं आणि इंधन ओढताना आत कोसळतं. थांबल्यावर ते पुन्हा सरळ होतं. पूर्ण रेसवर बसणाऱ्या इंजिनात हे फार वेळा सापडतं. खात्री करायची तर दुसऱ्या होडीची चालू टाकी, नळीसकट, जोडून बघा. इंजिन नीट चाललं तर दोष इंजिनात नाहीच, आणि तुमचं अर्धं काम संपलं. फक्त त्या टाकीत ऑइल मिसळलेलं आहे याची खात्री करा.

पंखा आणि तंगूस

पंख्यामागे तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळला गेलाय का ते दर महिन्याला पंखा काढून बघा. तंगूस शाफ्टवर घट्ट बसून ऑइल सील कापतो, पाणी गिअरमध्ये जातं. खालचा स्क्रू जरासा सैल करून गिअर ऑइलचे चार थेंब घ्या. ते दुधाळ असेल तर सील गेला आहे, ते दुर्लक्षून हंगाम काढू नका. ऑइल भरताना खालच्या भोकातून दाबत वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा आणि दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे घाला.

आवाज वाढून होडी न सरकण्याचं कारण जुन्या मॉडेलमध्ये तुटलेली शिअर पिन, आणि नंतरच्या मॉडेलमध्ये पंख्यातला सुटलेला रबरी बुश. पंख्याच्या आतल्या-बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ मारा, जोरात चालवून आणा. रेघ तुटली तर बुश फिरतोय. शिअर पिनच्या जागी स्टीलचा खिळा घालू नका. दगडाला पंखा लागला की मऊ पिन तुटायची आणि गिअर वाचायचा, याचसाठी ती असते.

प्लग काय सांगतात

दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. तपकिरी कोरडे असतील तर उत्तम. एक काळा-ओला आणि एक कोरडा असेल तर एका सिलेंडरला आग (ठिणगी) मिळत नाही, किंवा इंधन पंपाचा पडदा फाटून त्या सिलेंडरमध्ये जादा इंधन जातंय. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर सावध व्हा: हेड गॅस्केटमधून पाणी आत येत असावं.

प्लग अदलाबदल करून पुन्हा चालवा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदला, तिथेच राहिला तर कॉइल आणि वायर. प्लगचा नंबर आणि गॅप मॅन्युअलमधलाच ठेवा. नुसती चुडी जुळते म्हणून दुसरा प्लग लावला की इंजिन तापतं.

आग तपासायला स्वस्त स्पार्क टेस्टर वापरा आणि तो इंजिनाच्या बॉडीला घट्ट जोडा. सीडीआय असलेल्या इंजिनात प्लगची टोपी मोकळी ठेवून दोरी ओढू नका, सीडीआय जळू शकतं. होडीत पेट्रोलचा वास असताना हे काम करूच नका. गरम झाल्यावर झटक्यात बंद पडणाऱ्या इंजिनात ही तपासणी बंद पडल्यापडल्या, जेटीला बांधून करायची असते. थंड झाल्यावर आग पुन्हा येते आणि काहीच सापडत नाही.

पाण्याची धार आणि इम्पेलर

धार बारीक असेल तर आधी तिच्या भोकात जाड तंगूस सारून बघा. चिखलाने किंवा मिठाने ते तोंडच बुजलेलं असतं. तरीही धार येत नसेल तर इम्पेलर.

इम्पेलर हा रबराचा पाकळ्यांचा पंखा खालच्या गिअर भागावर बसतो. दोन महिने उभ्या इंजिनात त्याच्या पाकळ्या वाकलेल्या स्थितीतच कडक होतात. कोरडं चालवलं तर काही सेकंदांत झिजतात, म्हणून "जरा आवाज बघू" म्हणून जमिनीवर इंजिन सुरू करायचं नाही. ड्रममध्ये पंपाच्या वर येईल इतकं पाणी घेऊनच चालवायचं.

खालचा भाग काढताना गिअरच्या दांड्याचा जोड आधी सोडा. पाकळी तुटलेली असेल तर तिचा तुकडा शोधूनच पुढे जा. तो वर पाण्याच्या वाटेत अडकतो आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. इम्पेलरखालची छोटी चावी हरवू नका. बसवताना शाफ्ट चालतो त्या दिशेने, म्हणजे वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरवत दाबा. शाफ्टच्या दातऱ्यांना बाजूने मरीन ग्रीस लावा, पण टोकावर थापू नका. तिथे साठलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही.

इम्पेलर नवा आणि इंजिन तरी तापतं, तर थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडणारी पाण्याची झडप) काढून गरम पाण्यात टाका. उघडत नसेल तर बदला. तो काढून टाकून तसंच चालवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, मला ती पटत नाही. इंजिन कायम थंड चालतं, प्लग काजळतात, केरोसीन तर नीट जळतच नाही.

आता इंधन पंप, कॉम्प्रेशन, आणि मग कार्बोरेटर

इंधन पंपाचा पडदा उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक किंवा कडक झालेली कड दिसली तर बदला.

कार्बोरेटर खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब बघा. साधं गेज पुरतं. दोन्ही प्लग काढा, वायरी बॉडीला जोडा, रेस पूर्ण उघडा, दोरी ओढा. आकड्यापेक्षा दोन सिलेंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या वर असेल तर कार्बोरेटर कितीही साफ करा, इंजिन सुधारणार नाही. पुढचे पैसे त्यावर घालण्याआधीच हे कळलेलं बरं.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर कार्बोरेटर. प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. मिश्रणाचा स्क्रू आधी हलकेच आत बसेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मगच काढा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. फ्लोट आणि रबराचे भाग क्लीनरमध्ये बुडवायचे नाहीत. नीडल आणि गॅस्केट नवं घाला, जुनं परत घालण्यात वाचत काही नाही.

जुन्या जॉन्सन-एविनरूडमध्ये फ्लायव्हीलखाली पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असतात. गॅप साधारण अर्धा मिलिमीटर. तिथल्या कॉइलांवर तडे दिसले तर आग आली तरी भरवसा ठेवू नका.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या की जाणत्या मिस्त्रीकडे जा, हे मी स्पष्ट सांगतो.

हेडचा किंवा खालच्या भागाचा बोल्ट हलत नसेल तर जोर लावू नका. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्याने जाम होतो, आणि तुटला की कामाचा खर्च बदलतो. गंज सोडवणारं तेल, रात्रभर वेळ, हलकी गरमी, इतकं करून नाही निघाला तर वर्कशॉप. पुलर नसेल तर फ्लायव्हील काढू नका. कडेला हातोडी मारली की चुंबक निखळतात आणि शाफ्टला मार बसतो. कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक, क्रँक सील, कनेक्टिंग रॉडचा आवाज, गिअर ऑइलमध्ये लोखंडाचे कण: ही जेटीवरची कामं नव्हेत. सिलेंडर बोअर करायचा तर हातात ओव्हरसाइज पिस्टन आल्यावर, तो मोजूनच. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरणारे लोक वर्षभर थांबलेले मी पाहिले आहेत.

मिळत नसलेले भाग

दुकानात "पंधराच्या यामाहाचा इम्पेलर" मागू नका. एकाच एचपीची कितीतरी मॉडेलं आहेत. क्लॅम्पजवळच्या ब्रॅकेटवरची पट्टी घासून मॉडेल आणि नंबर वाचा. यामाहाच्या भागाच्या नंबरात पहिली तीन अक्षरं मॉडेल सांगतात, मधले पाच अंक भाग कोणता ते सांगतात, शेवटचे दोन त्यातला बदल. ४४३५२ म्हणजे इम्पेलर, १४३०१ म्हणजे अख्खा कार्बोरेटर, मॉडेल कोणतंही असो. ६३व्ही-४४३५२-०१ हा ९.९ आणि १५ एचपीच्या एका मॉडेलचा इम्पेलर. ही रचना समजली की बुजलेल्या पट्टीच्या इंजिनाचाही माग निघतो, कारण भागांवर हे मधले अंक बऱ्याचदा उमटलेले असतात.

जॉन्सन-एविनरूडची पट्टी गेली असेल तर पॉवरहेडवरची (इंजिनाच्या वरच्या मुख्य भागावरची) गोल धातूची चकती बघा, तिच्यावर मॉडेल नंबर ठोकलेला असतो. १९८० नंतरच्या मॉडेलांत वर्ष अक्षरांत लपवलेलं आहे: आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस यांना अनुक्रमे १ ते ९ आणि ० धरा. सी एन म्हणजे ८२. हे इंजिन बनवणारी ओएमसी कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली आणि नंतरच्या मालकाने २०२० मध्ये एविनरूडचं उत्पादन थांबवलं. म्हणून नवा मूळ भाग शोधण्यात वेळ घालवू नका. सिएरासारख्या कंपन्यांचे पर्यायी भाग मागवा, किंवा जुनं इंजिन शोधा.

बेअरिंग आणि ऑइल सील यांच्यासाठी आउटबोर्डच्या दुकानाची गरज बहुतेक वेळा नसते. बेअरिंगवर नंबर असतो. ६२०५ म्हणजे २५ बाय ५२ बाय १५ मिलिमीटर, कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी लिहिलेली असते. क्रँकसाठी घेताना पेट्रोल आणि उष्णता सोसणारं रबर मागा. पंख्याच्या शाफ्टला कुठे दोन सील असतात, त्यांची तोंडं कुठल्या दिशेला होती ते काढतानाच टिपून ठेवा. कार्बोरेटरचं आणि पंपाचं गॅस्केट योग्य जाडीच्या कागदातून कापता येतं. हेड गॅस्केट कापून बनवू नका.

चिनी पार्सन आणि हायडिया इंजिनांचे बरेच भाग यामाहाच्या ९.९ आणि १५ एचपीच्या ठरावीक मॉडेलांना बसतात. इम्पेलर, पंपाचे पडदे, पंखे यासाठी मी ते वापरतो. पिस्टन आणि गिअर मात्र मूळ कंपनीचेच घ्यावेत. केरोसीन इंजिनांचा सगळ्यांत मोठा वापर केरळच्या किनाऱ्यावर आहे, त्यामुळे कोकणात "येत नाही" म्हणतात तो भाग कोचीच्या बाजारात निघू शकतो. मुंबईत दारूखान्याच्या जहाजभंगाराच्या गल्ल्यांत स्टेनलेसचे बोल्ट, पितळी फिटिंग, जस्ताचे ॲनोड (स्वतः झिजून इंजिनाला गंजापासून वाचवणारे तुकडे) मिळतात. ॲनोड खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचाच घ्या आणि त्याला रंग लावू नका, रंगवलेला ॲनोड काहीच वाचवत नाही. कुठेही जाताना जुना भाग सोबत न्या, आणि नवा बसून चालेपर्यंत तो टाकू नका.

क्रँककेस फुटलेलं इंजिन किलोच्या भावाने भंगारात देण्याआधी त्याचे भाग काढून घ्या: फ्लायव्हील, कॉइल, सीडीआय, कार्बोरेटर, क्लॅम्प ब्रॅकेट, गिअर बॉक्स, अगदी वरच्या झाकणाची कडीसुद्धा. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, ऑइल लावून पिशवीत भरा आणि पिशवीवर मॉडेल लिहा. जेटीवर चार जणांना सांगून ठेवा की हे तुमच्याकडे आहे.